सांगलीत पावसाचं पाणी: कुठे जिरवायचं, कुठे साठवायचं

टेरेसवरून उतरलेला पाइप, खाली खडी-वाळूचा शोषखड्डा आणि त्यातून जमिनीत शिरणारे निळे बाण. हे चित्र सोसायटीच्या नोटीस बोर्डापासून बिल्डरच्या माहितीपत्रकापर्यंत सगळीकडे दिसतं. कागदावर बाण कुठेही काढता येतात. सांगलीत नदीकडच्या सखल भागात असा खड्डा घेतला, तर पाणी जुलैत भरतं आणि आठवडेच्या आठवडे तसंच उभं राहतं. त्यात डास होतात. दोन पावसाळे झाले की कुणीतरी त्यावर पेव्हर ब्लॉक टाकून गाडी लावायला जागा करून घेतं.

कारण खालच्या जमिनीत आहे. कृष्णेकाठी नदीनं आणून टाकलेला गाळ आणि काळी चिकण माती काही मीटर जाडीची आहे. ही माती भिजली की फुगते आणि आपणच आपलं झाकण होते. कुपवाडच्या माळाकडे किंवा मिरजेच्या उंच अंगाला गेलं की काळ्या मातीचा थर साधारणपणे पातळ होतो, मुरूम लवकर लागतो आणि त्याखाली आपला नेहमीचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट. सांगली, मिरज आणि कुपवाडची महापालिका १९९८ मध्ये एक झाली. जमीन काही त्या आदेशानं एक झालेली नाही. अगदी एकाच कॉलनीत दोन प्लॉटचे खड्डे वेगवेगळं बोलतात. म्हणून ‘अमक्या भागात जिरवा, तमक्या भागात साठवा’ असा नकाशा मी देणार नाही. आपल्या प्लॉटवर एक दिवस घालवून जमिनीला विचारावं, हेच बरं.

विचारायची रीत सोपी आहे. जिथे शोषखड्डा घ्यायचा आहे तिथे, त्या खड्ड्याचा तळ येईल तेवढ्या खोलीपर्यंत जायचं आणि तळाशी एक फूट रुंद, एक फूट खोल असा लहान खड्डा घ्यायचा. कडा गुळगुळीत झाल्या असतील तर खुरप्यानं ओरबाडायच्या, कारण फावड्याच्या पात्यानं चिकण माती लिंपल्यासारखी होते आणि पाणी उगाच अडतं. मग तो खड्डा पाण्यानं भरून रात्रभर भिजत ठेवायचा. सकाळी सहा इंच पाणी घालायचं, आत एक पट्टी उभी रोवायची आणि दर अर्ध्या तासानं पातळी लिहायची. चार-पाच वाचनांनंतर उतार स्थिरावतो. तासाला एक इंच किंवा जास्त उतरत असेल तर जिरवण्याला अर्थ आहे. अर्ध्या इंचाच्या आत असेल तर खड्ड्याचा नाद सोडावा.

रात्रभर भिजवणं टाळलं की इथेच फसगत होते. ही चाचणी बहुतेकदा मे महिन्यात होते, कारण तेव्हाच सगळ्यांना पाणी आठवतं. मेमध्ये काळ्या जमिनीला हात जाईल अशा भेगा पडलेल्या असतात. बादली ओतली की पाणी गडप होतं आणि प्लंबर खूश होऊन सांगतो, ‘साहेब, जमीन जबरदस्त पितीय.’ जूनमधल्या दोन-तीन चांगल्या पावसांत भेगा मिटतात आणि पिणं थांबतं. काळी माती असेल तर एका रात्रीऐवजी दोन दिवस भिजवा. शक्य असेल तर चाचणी जुलैतच करा.

आता आकडे. पूर्ण भिजलेल्या काळ्या चिकण मातीत पाणी उतरण्याचा वेग साधारणपणे तासाला ५ मिमीच्या आतच असतो. खड्ड्याचा तळ १ मीटर बाय १ मीटर असेल, तर तासाला ५ लिटर, दिवसाला १२० लिटर. कडांमधून थोडं जास्त जाईल, म्हणून दीडपट धरा. उलट बाजूला, १,००० चौरस फुटांच्या टेरेसवर, म्हणजे ९३ चौरस मीटरवर, एक इंच पाऊस झाला तर सुमारे २,००० लिटर पाणी खाली येतं. शिवाय १ मीटर लांब, रुंद, खोल खड्ड्यात १,००० लिटर मावतात हेही खरं नाही. खडी भरली की पोकळी उरते ३५ ते ४० टक्के, म्हणजे मावतं ४०० लिटरच्या आत. पहिल्या पाच-सात मिनिटांच्या जोरदार सरीत तो तुडुंब होतो आणि उरलेलं सगळं गटारात जातं. हा हिशेब कुठल्याही माहितीपत्रकात नसतो.

काळ्या जमिनीत आणखी एक धोका आहे. घराच्या पायालगत शोषखड्डा घेतला की त्या कोपऱ्यातली माती कायम ओली राहून फुगते, पलीकडची कोरडी होऊन आकसते, आणि दोन-तीन वर्षांत खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी भेग निघते. लोक ठेकेदाराला शिव्या देतात. काळ्या मातीत पायापासून निदान ५ मीटर लांब राहावं. तेवढी जागा नसेल तर तो निर्णयच झाला: साठवायचं.

नदीकाठाला आणखी एक गोष्ट आहे. वरचेवर पाणी देऊन कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यात जमिनी चोपण, म्हणजे क्षारवट आणि घट्ट झाल्या, भूजल वर आलं आणि खारावलं. शहराच्या कडेच्या अशा प्लॉटवर पावसाळ्यात हातभर खोदलं तरी पाणी दिसतं. तिथे जमिनीत आधीच जागा नाही. पाणी जिरवण्यापेक्षा पाण्याला वाट कशी द्यायची, हा तिथला प्रश्न आहे, आणि बुजवलेले नाले हे त्याचं उत्तर लांबवत आलेत.

साठवणीचं गणित सांगलीच्या पावसाप्रमाणे करावं लागतं. जिल्ह्यात शिराळ्याच्या पश्चिमेला धो धो आणि जत-आटपाडीला जेमतेम, अशी तऱ्हा. शहरासाठी वर्षाला ६०० मिमी धरून चला. टेरेसवर पडलेल्यातलं बाष्पीभवन, शिंतोडे, लाद्यांनी प्यायलेलं पाणी वजा जाता ८५ टक्के हाती लागतं. म्हणजे १,००० चौरस फुटांवर दर मिलिमीटरला ८० लिटर आणि वर्षाला सुमारे ४८ हजार लिटर. एवढी टाकी कुणी बांधत नाही, बांधायची गरजही नाही.

५,००० लिटरची टाकी ६३ मिमी पावसात भरते. चार माणसांच्या घरात संडासचं फ्लश, धुणं, गाडी आणि फरशी मिळून रोज २०० लिटर सहज जातात. आठवडाभर उघडीप राहिली की टाकीत १,४०० लिटरची जागा होते, आणि ती भरायला १८ मिमीची एक सर पुरते. अशी टाकी जूनपासून परतीच्या पावसापर्यंत पुन्हा पुन्हा भरत आणि रिकामी होत राहिली तर तिचं मोल आहे. आपल्याकडे चूक होते ती उलटी: पहिल्याच पावसात भरलेली टाकी ‘उन्हाळ्याला होईल’ म्हणून जपून ठेवतात. मग जुलै, ऑगस्ट, सप्टेंबरचं सगळं पाणी तिच्या डोक्यावरून गटारात जातं आणि मार्चमध्ये हाती येतं ते फक्त पंचवीस दिवसांचं पाणी. पावसाळ्यात टाकी वापरायची आणि नळाचं पाणी वाचवायचं. ऑक्टोबरच्या शेवटच्या पावसांनी जी भरेल, तीच पुढे ठेवायची. सांगलीत परतीचा पाऊस दणकून येतो, त्यामुळे ती बहुतेक वर्षी भरते.

याचा दुसरा फायदा गल्लीला आहे. शामरावनगरसारख्या सखल वस्तीत पाणी तुंबतं, कारण सगळ्या टेरेसचं पाणी एकाच अर्ध्या तासात गटारावर आदळतं. १०० घरांनी प्रत्येकी २,००० लिटर अडवले तर एक इंच पावसातलं २ लाख लिटर त्या अर्ध्या तासापुरतं रस्त्यावर येत नाही. त्यासाठी सर येताना टाकीत जागा मात्र असायला हवी.

पाइपाकडे येऊ. ११० मिमीचा एक पाइप अख्ख्या टेरेसला पुरतो असं समजलं जातं. तासाला ५० मिमी पाऊस असेल तर तो साधारण ८५ चौरस मीटरचं पाणी नेतो. पण वळीव किंवा परतीची सर तासाला १०० मिमीच्या वेगानं कोसळते, तेव्हा त्याची झेप ४२-४३ चौरस मीटरवर येते. म्हणून एका ११० मिमी पाइपवर ४५० चौरस फुटांपेक्षा जास्त टेरेस टाकू नये. १,००० फुटांना दोन पाइप कमी पडतात, तीन घ्या. टेरेसला उतार १०० ला १ असा हवा, तोंडाशी जाळी घुमटाच्या आकाराची हवी. सपाट जाळीवर पिंपळाचं एक पान बसलं की तळं झालंच. आडव्या पाइपला दर मीटरला क्लॅम्प मारा, नाहीतर पाण्यानं भरल्यावर मध्येच झोळ पडतो आणि तिथे गाळ बसतो.

पहिलं पाणी सोडून देणं हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं काम. टेरेसवर धूळ, कबुतरांची विष्ठा, वाळत घातलेल्या डाळीचा कोंडा असं सगळं असतं. पहिले २ मिमी वाहून जाऊ द्यायचे, म्हणजे १,००० फुटांना सुमारे २०० लिटर. दुकानात मिळणारा उभा पाइप दिसायला छान असतो. पण १६० मिमीच्या पाइपात मीटरला जेमतेम १८ लिटर मावतात. ३ मीटर उभा केला तरी ५५ लिटर. त्यापेक्षा २०० लिटरचं जुनं पिंप बरं. मात्र त्यात आधी काय होतं ते विचारून घ्या. रसायनाचं पिंप नको. मुख्य पाइपला टी जोडून पाणी आधी पिंपात न्यायचं. पिंप भरलं की पाणी टीमधून पुढे टाकीकडे वळतं. पिंपाच्या तळाला चुडीची एंड कॅप आणि तिला ३ मिमीचं भोक. त्यातून तासाला साठ-सत्तर लिटर गळतात, म्हणजे पाऊस थांबल्यावर काही तासांत पिंप आपोआप रिकामं होतं आणि पुढच्या पहिल्या पाण्याला तयार राहतं. भोक पानाच्या देठानंही बुजतं, म्हणून कॅप सॉल्व्हंटनं चिकटवू नका, हातानं फिरवता आली पाहिजे. कॉक लावून ‘आठवणीनं सोडू’ म्हणणाऱ्यांचा कॉक सप्टेंबरात बंदच सापडतो.

टाकी जमिनीवर ठेवा. टेरेसवर २,००० लिटर म्हणजे २ टन. स्लॅब त्यासाठी डिझाइन केलेला असतोच असं नाही, आणि पाणी पुन्हा वर चढवायचं तर पाइप खाली आणलाच कशाला? टाकीच्या आत येणारा पाइप तळापर्यंत न्यायचा आणि शेवटी दोन एल्बो लावून तोंड वर वळवायचं, म्हणजे खाली बसलेला गाळ ढवळत नाही. पाणी उचलायचं ते तळापासून अर्धा फूट वरून. सांडव्याच्या, म्हणजे जादा पाणी बाहेर काढणाऱ्या पाइपाच्या तोंडाला, हवेच्या नळीला आणि झाकणाच्या फटीला डास शिरणार नाही अशी बारीक जाळी. डेंग्यूचा डास मुख्यतः स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, तेव्हा यात सूट नाही. सांडवा आत येणाऱ्या पाइपपेक्षा लहान ठेवू नका.

फ्लश आणि धुण्यासाठी एवढं पुरे. वाळूचा फिल्टर लागत नाही. जाळी, पहिलं पाणी सोडणं आणि टाकीत निवळणं यांनी काम होतं. धुण्याला तर हे पाणी बोअरच्या पाण्यापेक्षा उजवं. बोअरच्या जड पाण्यात साबण फुटतो, यात फेस मावत नाही. पिण्याला मात्र तसंच वापरू नये.

वाळूचा फिल्टर हवा तो बोअर पुनर्भरणाला, म्हणजे पावसाचं पाणी बोअरमध्ये सोडायला, आणि तिथे कसूर चालत नाही. बोअरमध्ये गेलेला गाळ परत काढता येत नाही. तो पाषाणाच्या ज्या बारीक भेगांतून पाणी येतं त्याच बुजवतो. २०० लिटरच्या पिंपाचा फिल्टर असा भरायचा: तळाला ४० मिमीची खडी ६ इंच, त्यावर २० मिमीची ६ इंच, त्यावर बारीक खडी ४ इंच, मग नायलॉनची जाळी आणि त्यावर जाड वाळू ८ इंच. वर आठेक इंच रिकामे, पाणी उभं राहायला. बारीक खडीचा मधला थर पैसे वाचवायला गाळला की वाळू मोठ्या खडीच्या पोकळीत उतरते आणि पहिल्याच महिन्यात फिल्टर खचतो. आता नदीची वाळू सहजी मिळत नाही, दगड फोडून केलेली क्रश सँड मिळते. तिच्यात दगडाची पूड असते. बादलीत घालून वरचं पाणी नितळ येईपर्यंत धुवा, आठ-दहा वेळा धुवावी लागते. न धुता भरलेल्या क्रश सँडवर पूड वर येऊन सिमेंटसारखा पापुद्रा धरते.

पिंपाचा व्यास ५७ सेंमी, म्हणजे वाळूचं क्षेत्रफळ पाव चौरस मीटर. अशा वाळूतून तासाला साधारण १,२५० लिटर नीट गाळलं जातं. एक इंचाची सर अर्ध्या तासात पडली तर पाणी येतं तासाला ४,००० लिटरच्या वेगानं. उरलेलं ओसंडणारच. म्हणून पिंपाला सांडवा हवाच, नाहीतर पाणी कडेनं वाट काढून न गाळलेलं आत जातं. जास्त पाणी पकडायचं तर दोन-तीन पिंपं शेजारी शेजारी जोडा किंवा आधी टाकीत घेऊन मग सावकाश फिल्टरला सोडा. दुसरा मार्ग मला जास्त पटतो. पावसाळ्यात महिन्यातून एकदा वरची दोन इंच वाळू खरवडून धुवायची. एवढंच केलं तरी फिल्टर वर्षानुवर्षं चालतो.

कुठली बोअर पुनर्भरणाला चालते, हा खरा प्रश्न. पूर्वी पाणी होतं आणि आता आटली, ती बोअर पाणी घेते; तिच्या भेगा आहेत, फक्त रिकाम्या आहेत. ३०० फूट जाऊन धूळच निघाली, ती बोअर पाणी घेत नाही. पाणी द्यायला जी वाट नव्हती, ती घ्यायला कुठून येणार? तरी लोक हमखास अशाच फेल बोअरवर पुनर्भरण करतात, कारण ती मोकळी असते. खात्री करून घ्या: पंप १२ तास बंद ठेवून पातळी मोजा, २,००० लिटर स्वच्छ पाणी सोडा, दोन तासांनी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. पातळी मूळ जागी आली तर बोअर पितेय.

केसिंगला, म्हणजे बोअरच्या वरच्या भागात बसवलेल्या पाइपला, भोकं पाडून भोवती खडीचा खड्डा करण्याची पद्धत प्रसिद्ध आहे. खड्डा मुरमात असेल तर ती चालते. काळ्या मातीत केसिंगला भोकं पाडली की पावसाळ्यात चिखल थेट आत. तिथे केसिंग अखंड ठेवून फिल्टरमधून आलेलं पाणी ४० मिमीच्या पाइपनं वरून आत सोडा. पाइप शक्यतो पाण्याच्या पातळीच्या खालपर्यंत, पण पंपाच्या वर ठेवा. वरून धबधब्यासारखं पाणी पडलं तर हवेचे बुडबुडे भेगांत अडकून वाट बंद करतात. साडेसहा इंची बोअरमध्ये या पाइपला जागा असते, साडेचार इंचीत नसते. सेप्टिक टँकपासून बोअर १५ मीटरच्या आत असेल तर पुनर्भरणाच्या फंदात पडू नका. आणि फक्त टेरेसचं पाणी. पार्किंगचं, रस्त्याचं पाणी बोअरमध्ये कधीच नाही. त्यात ऑइल आणि गटाराचा अंश असतो.

पूरपट्ट्यातल्या घरांसाठी वेगळे नियम. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ फुटांना धोका पातळी. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २००५, २०१९, २०२१ या तिन्ही वेळी ज्यांच्या अंगणात पाणी आलं, त्यांनी बोअरचं केसिंग निदान पुराच्या खुणेइतकं उंच करावं किंवा वर घट्ट बसणारी, रबर असलेली कॅप लावावी. इशारा पातळी ओलांडली की पुनर्भरणाचा पाइप काढून तोंड बंद करायचं. पुराच्या पाण्यात सांडपाणी असतं. ते एकदा बोअरमध्ये उतरलं की परिसराच्या भूजलात जातं. जमिनीतली टाकी पुराआधी रिकामी करू नका, भरून ठेवा. १०,००० लिटरची रिकामी टाकी पाण्यात बुडाली तर तिला वर ढकलणारा जोर सुमारे १० टनांचा असतो. काँक्रीटचा हौद तडकतो, प्लास्टिकची टाकी तर फरशी फोडून वर येते. पूर ओसरल्यावर मात्र तेच पाणी पूर्ण उपसून, टाकी घासून, क्लोरीन मारूनच पुन्हा वापरात.

सोसायट्यांसाठी कायद्याचं एक वाक्य. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्लॉटवरच्या नव्या बांधकामाला पर्जन्यजल योजना सक्तीची आहे. कागदावर ती असते. फ्लॅटचा ताबा घेताना खड्ड्याचं झाकण उघडायला सांगा, आत बादली ओता आणि टेरेसचा पाइप खरंच तिथे उतरतो का हे पाहा. पाइपचं तोंड पेव्हर ब्लॉकखाली संपलेलं आढळलं तर नवल नको.

काम झाल्यावर ते लागू पडतंय का, हे मोजल्याशिवाय कळत नाही. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर स्वस्त आहे: बोअरचं पाणी मेमध्ये आणि सप्टेंबरमध्ये तपासा. पावसाचं पाणी पोचत असेल तर आकडा खाली येतो. पातळीसाठी मोजपट्टीच्या टोकाला लोखंडी नट बांधा आणि पट्टीच्या शेवटच्या काही फुटांना खडू फासून आत सोडा. खडू जिथपर्यंत भिजला तिथे पाणी. पंप रात्रभर बंद असला पाहिजे, नाहीतर उपशाची पातळी मोजाल. मेच्या शेवटी आणि ऑक्टोबरच्या शेवटी, दोन्ही आकडे तारखेसह मीटरच्या पेटीच्या दारावर आतून लिहून ठेवा. शेजाऱ्याची पुनर्भरण नसलेली बोअर असेल तर तीही त्याच दिवशी मोजा, कारण नुसता पाऊस चांगला झाला तरी पातळी वर येतेच. तीन वर्षांचे आकडे जमले की फरक बोअरचा की पावसाचा, ते वेगळं काढता येतं.